लाइव्ह लोकेशन लावताना: परवानग्या, बॅटरी आणि नकाशावर अडकलेला ठिपका

घरातल्या सगळ्यांनी एकमेकांना नकाशावर दिसावं आणि जे दिसेल त्यावर भरवसा ठेवता यावा, एवढंच काम होतं. दिसण्याचा भाग पाच मिनिटांत होतो. भरवशाला मात्र काही आठवडे द्यावे लागतात, कारण फोन मागे चालणाऱ्या ॲपचे हातपाय हळूहळू बांधत जातो आणि ते पहिल्या दिवशी कळत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे अँड्रॉइड, एक आयफोन आणि वापरणाऱ्यांत ज्येष्ठ मंडळीही, अशा मिश्र घरात हे कोणत्या क्रमाने केलं, कुठे अडलं आणि का अडलं, ते लिहून ठेवतो आहे.

पहिल्या दिवशी फोन बाजूला ठेवून प्रत्येकाला विचारलं: तुमचं लोकेशन कुणाला दिसलेलं चालेल, किती वेळ आणि कशासाठी? उत्तरं वेगवेगळी आली, आणि तशी यायलाच हवीत. रात्री उशिरा परतणाऱ्याला परतीच्या वाटेपुरतंच शेअर करायचं असतं. एकट्याने फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांना ते कायम चालू राहिलेलं बरं वाटतं, रोज बटणं दाबायची कटकट नको म्हणून. हे बोलणं टाळून कुणाच्या फोनवर गुपचूप काही बसवू नका. ती सरळसरळ पाळत होते. शिवाय ज्याला पुढे कळतं तो माणूस फोन घरी ठेवून बाहेर पडायला शिकतो, आणि नेमक्या गरजेच्या वेळी नकाशा घरच दाखवतो.

त्याच बैठकीत प्रत्येकाच्या फोनवर कुठलं खातं चालू आहे, तेही लिहून घेतलं. गूगल मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग सिमकार्डाशी नाही, गूगल खात्याशी जोडलेलं असतं. ज्येष्ठांच्या फोनवर बऱ्याचदा कुणीतरी घाईत उघडून दिलेलं भलतंच जीमेल असतं. आपण त्यांच्या नेहमीच्या पत्त्यावर लोकेशन पाठवतो आणि ते त्यांच्या फोनवर कधीच पोचत नाही. गूगल मॅप्स उघडून वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर टॅप केलं की चालू खातं दिसतं. पासवर्ड आणि रिकव्हरी नंबर (पासवर्ड विसरल्यास खातं परत मिळवायला लागणारा) त्याच वेळी तपासून घ्या, नंतर कुणाला वेळ मिळत नाही.

मग व्हॉट्सॲपने सुरुवात केली, कारण ते सगळ्यांकडे असतं आणि सगळ्यांना येतं. चॅटमध्ये कागदाच्या क्लिपचं चिन्ह (आयफोनवर +), लोकेशन, शेअर लाइव्ह लोकेशन. मुदती तीनच आहेत: १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास. ही सोय ऑक्टोबर २०१७ मध्ये आली आणि ती एंड-टू-एंड एनक्रिप्टेड आहे, म्हणजे पाठवणारा आणि ज्याला पाठवलं तो सोडून मधल्या कुणालाही जागा वाचता येत नाही. त्याच पडद्यावर 'सेंड युअर करंट लोकेशन' हाही पर्याय असतो. तो एकदाच जागा पाठवतो, नंतर हलत नाही. दोन्ही शेजारीशेजारी असल्यामुळे घाईत चुकीचा दाबला जातो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की माणूस तासभर एकाच जागी उभा आहे. ज्येष्ठांकडून हे दोन्ही एकदा करून घेतलं की फरक डोळ्यांना दिसतो, सांगावा लागत नाही.

ग्रुपमध्ये लाइव्ह लोकेशन टाकलं तर ते ग्रुपातल्या प्रत्येकाला दिसतं, त्यामुळे मोठ्या नातेवाईक-ग्रुपात टाकू नका. मुदत संपल्यावरही चॅटमध्ये नकाशाचं छोटं चित्र राहतं आणि त्यावर टॅप केलं की शेवटची नोंदवलेली जागा दिसते. आपण कुठे कुठे शेअर करतो आहोत याची यादी सेटिंग्ज, प्रायव्हसी, लाइव्ह लोकेशन इथे सापडते, आणि तिथूनच सगळं एकदम बंदही करता येतं.

कायमच्या शेअरिंगसाठी गूगल मॅप्स घेतलं. गूगलची यातली जुनी सेवा, लॅटिट्यूड, २००९ मध्ये सुरू होऊन २०१३ मध्ये बंद झाली. मॅप्समधलं आजचं शेअरिंग २०१७ पासूनचं आहे. प्रोफाइलच्या फोटोवर टॅप, लोकेशन शेअरिंग, मग मुदत आणि माणूस निवडायचा. मुदत तासांत देता येते किंवा 'अन्टिल यू टर्न धिस ऑफ' ठेवता येते. समोरच्याला आपलं नाव, फोटो आणि जागा दिसते, आणि फोनमध्ये बॅटरी किती उरली आहे तेही दिसतं. हे शेवटचं फार कामाचं आहे. ठिपका हलेनासा झाला आणि शेवटची बॅटरी ३ टक्के होती, तर काय झालं असेल याचा अंदाज येतो आणि जिवाला उगाच घोर लागत नाही. शेअरिंग एकतर्फी असतं. मी तुम्हाला दाखवलं म्हणून तुम्ही मला आपोआप दिसत नाही, दोन्ही फोनांवरून वेगवेगळं करावं लागतं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ठिपके अडकायला लागतात. खरं काम इथून पुढे आहे.

नकाशावरचा ठिपका म्हणजे फोनने शेवटचं कळवलेलं ठिकाण. माणूस आत्ता तिथेच असेल असं नाही. म्हणून घरात सगळ्यांना पहिली सवय ही लावली: ठिपक्यावर टॅप करायचं आणि नावाखाली लिहिलेली वेळ आधी वाचायची. 'जस्ट नाऊ' असेल तर पुढे बघायचं. चाळीस मिनिटांपूर्वीचं असेल तर त्यावरून काहीही ठरवायचं नाही. मॅप्समध्ये त्या माणसाच्या पानावर तीन ठिपक्यांच्या मेनूत रिफ्रेश असतं, ते दाबून मिनिटभर थांबायचं. तरी नवं आलं नाही तर सरळ फोन लावायचा.

ठिपका अडकण्याची कारणं बरीच आहेत. आम्ही ती एका ठरलेल्या क्रमाने तपासत गेलो, आणि तोच क्रम सगळ्यांना सुचवेन.

सगळ्यात आधी परवानगी. अँड्रॉइड १० पासून ॲपला 'फक्त ॲप वापरताना' एवढीच लोकेशन परवानगी देता येते, आणि ११ पासून 'फक्त या वेळी' हा पर्यायही आला. पहिल्यांदा विचारणा होते तेव्हा माणूस साहजिकच सावध पर्याय निवडतो. मग मॅप्स उघडं असेपर्यंत ठिपका फिरतो आणि फोन खिशात गेला की थांबतो. 'अलाऊ ऑल द टाइम' हा पर्याय ११ पासून त्या छोट्या खिडकीत दिसतच नाही. त्यासाठी सेटिंग्ज, ॲप्स, मॅप्स, परमिशन्स, लोकेशन असं आत जावं लागतं. व्हॉट्सॲपसाठीही हेच करायचं. तिथेच खाली 'यूज प्रिसाइज लोकेशन' ही खूण असते, अँड्रॉइड १२ पासून. ती बंद असेल तर ॲपला फक्त ढोबळ परिसर कळतो आणि माणूस घरात असूनही भलत्याच वस्तीत दिसतो.

मग बॅटरी. अँड्रॉइड ६ मध्ये, म्हणजे २०१५ साली, डोझ आलं. फोन न हलता पडून राहिला आणि पडदा बंद असला की मागची कामं थोपवून ठेवायची, अशी ती सोय. अँड्रॉइड ८ पासून मागे चालणाऱ्या ॲपला ताशी मोजक्या वेळाच लोकेशन मिळतं. एवढं सगळ्या अँड्रॉइडला लागू आहे. त्याच्या वर अनेक फोन-कंपन्या बॅटरी जास्त टिकावी म्हणून आपापली बंधनं घालतात, आणि प्रत्येकीचा मेनू वेगळा. शोधायचे शब्द मात्र तेच असतात: बॅटरी ऑप्टिमायझेशन, अनरिस्ट्रिक्टेड, ऑटोस्टार्ट, बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी, स्लीपिंग ॲप्स. ज्या ॲपने लोकेशन पाठवायचं आहे त्याला बॅटरीत 'अनरिस्ट्रिक्टेड' (बंधनमुक्त) करा, ऑटोस्टार्ट (ॲपने आपोआप सुरू होणं) असेल तर चालू करा आणि झोपलेल्या ॲपच्या यादीतून बाहेर काढा. काही फोनांवर 'रीसेंट' पडद्यावरची खिडकी वर सरकवली की ॲप पूर्णच मारलं जातं. अशा फोनवर खिडकीला कुलूप लावायची सोय असते, ती वापरा. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर या सेटिंग्ज पुन्हा पाहायच्या, काही फोनांवर त्या पूर्ववत होतात.

बॅटरी सेव्हर हा आणखी एक अडथळा. तो चालू असताना बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर पडदा बंद झाला की लोकेशनही थांबतं. आणि तो १५-२० टक्क्यांना आपोआप चालू व्हावा असं लावलेलं असतं, म्हणजे माणूस दिवसभर बाहेर राहून परत निघतो तेव्हाच. ज्येष्ठांच्या फोनवर ही मर्यादा खाली आणली आणि पिशवीत छोटी पॉवर बँक कायमची ठेवली. शेअरिंगचा खरा खर्च बॅटरीतच आहे. आपली जागा पाठवायला डेटा नगण्य लागतो, नकाशा उघडून बघणाऱ्याचा डेटा त्याहून जास्त जातो.

काही महिन्यांनी उगवणारं एक कारण वेगळं सांगायला हवं. अँड्रॉइड ११ पासून जे ॲप बरेच महिने उघडलंच नाही त्याच्या परवानग्या फोन स्वतःहून काढून घेतो. खास लोकेशनसाठी एखादं वेगळं ॲप ज्येष्ठांच्या फोनवर बसवलं तर ते कुणी कधी उघडत नाही. ते गुपचूप काम करावं अशीच अपेक्षा असते, आणि नेमकं तेच मारलं जातं. ॲपच्या माहितीच्या पानावर तळाशी 'पॉझ ॲप ॲक्टिव्हिटी इफ अनयूज्ड' किंवा त्याच अर्थाची खूण सापडेल, ती बंद करा.

आयफोनवर वाट वेगळी पण अर्थ तोच. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस, मग ॲप, आणि तिथे 'ऑलवेज' व 'प्रिसाइज लोकेशन' चालू. 'बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश' चालू आहे का तेही बघा. आयओएस १३ पासून आयफोन अधूनमधून नकाशासकट खिडकी दाखवतो: हे ॲप मागे तुमचं लोकेशन वापरत आहे, चालू ठेवायचं का? वापरणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरून 'फक्त वापरताना' दाबलं जातं आणि दुसऱ्या दिवशी ठिपका अडकतो. ॲपलच्या फाइंड माय मध्ये १ तास, दिवस संपेपर्यंत आणि कायम असे पर्याय आहेत. त्यात एक खाच आहे. एकाच खात्यावर आयफोन आणि आयपॅड दोन्ही असतील तर कुठल्या उपकरणाची जागा शेअर व्हायची ते ठरवावं लागतं. आयपॅड निवडलेला राहिला तर माणूस दिवसभर घरातच दिसतो. आयफोनवर फाइंड माय उघडून 'मी' या टॅबमध्ये 'यूज धिस आयफोन ॲज माय लोकेशन' दाबलं की प्रश्न मिटतो. मिश्र घरात मात्र फाइंड मायचा आग्रह धरू नका, अँड्रॉइडवाल्यांना त्यात सामील होता येत नाही. आयफोनवर गूगल मॅप्स टाकून त्यालाच 'ऑलवेज' परवानगी देणं सोपं पडतं.

एवढं झाल्यावर ठिपके वेळेवर यायला लागले. मग पुढचा प्रश्न उभा राहिला: ठिपका वेळेवर येतो, पण शेजारच्या इमारतीत दिसतो. हे का होतं ते घरात सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि त्यानंतर निम्मे काळजीचे फोन थांबले.

फोन उपग्रहाला काहीही पाठवत नाही, फक्त ऐकतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. निदान ४ उपग्रहांचे संदेश ऐकू आले की फोन स्वतःची जागा काढतो, आणि मग इंटरनेटवरून ती आपल्याला कळवतो. म्हणजे उपग्रहाकडून फोन आणि फोनकडून आपण, अशा दोन वेगळ्या वाटा आहेत. त्यातली कुठलीही तुटू शकते. खुल्या आकाशाखाली चांगला फोन साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो. उंच इमारतींमध्ये संदेश भिंतींवर आपटून उशिरा येतो आणि ठिपका रस्त्याच्या पलीकडे उडी मारतो. घरात उपग्रह जवळजवळ ऐकूच येत नाहीत, तिथे फोन आसपासच्या वाय-फायवरून आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो. ठिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ हाच तो अंदाज: माणूस बहुधा या वर्तुळात कुठेतरी आहे. वर्तुळ मोठं असेल तर मधल्या ठिपक्याला फारसा अर्थ नाही.

यावर करण्यासारखं थोडंच आहे, पण ते जरूर करा. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, लोकेशन, लोकेशन सर्व्हिसेस मध्ये 'लोकेशन ॲक्युरसी' चालू ठेवा. वाय-फाय वापरत नसलात तरी 'वाय-फाय स्कॅनिंग' राहू द्या. फोन बराच वेळ बंद असेल तर सुरू केल्यावर मोकळ्या जागी थोडं थांबा. उपग्रहाच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी प्रसारित होते आणि इंटरनेट नसेल तर ती आकाशातूनच ऐकून घ्यावी लागते. इंटरनेट असेल तर तीच माहिती नेटवरून उतरते आणि जागा काही सेकंदांत सापडते.

पुढच्या टप्प्यात 'पोचल्यावर कळव' ही सोय लावली. मॅप्समध्ये, जो माणूस आधीच आपल्याशी लोकेशन शेअर करतो, त्याच्यासाठी एखाद्या ठिकाणी पोचल्याची किंवा तिथून निघाल्याची सूचना लावता येते, आणि अशी सूचना लावली आहे हे त्यालाही कळतं. फाइंड मायमध्येही अशी सोय आहे. ही सूचना त्या ठिकाणाभोवती आखलेल्या वर्तुळावर चालते, आणि काही ॲपमध्ये त्याची त्रिज्या आपण ठरवतो. ती १०० ते १५० मीटरांपेक्षा लहान ठेवू नका. अँड्रॉइडचं ॲप बनवणाऱ्यांनाही हाच आकडा सुचवलेला आहे. त्याहून लहान वर्तुळात घरात बसलेला माणूस दिवसातून अनेकदा 'बाहेर पडतो' आणि 'परत येतो', मग सगळे सूचनांकडे दुर्लक्ष करायला लागतात. सूचना साधारण २ ते ३ मिनिटं उशिरा येते, आणि फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर ६ मिनिटांपर्यंत उशीर होऊ शकतो. 'पोचलो' हा निरोप आधी आला आणि सूचना मागाहून, तर सेटिंग बिघडलेलं नाही.

रेंज नसलेल्या भागात जाणार असाल तर तयारी वेगळी लागते. तिथे जीपीएस चालतं, पण कळवण्याची वाट तुटलेली असते. निघण्याआधी त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. इंटरनेट नाही पण साधा एसएमएस जातो अशा जागी अक्षांश-रेखांश पाठवता येतात. मॅप्समध्ये आपल्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की पिन पडते आणि दोन आकडे दिसतात. दशांश चिन्हानंतर ५ आकडे पुरेत, तेवढ्यात साधारण मीटरभराची अचूकता येते. आधी अक्षांश, मग रेखांश. उलटे लिहिले तर शोधणारा भलत्याच देशात किंवा समुद्रात पोचतो. आयफोनच्या कंपास ॲपमध्ये हेच आकडे अंश, मिनिटं, सेकंदांत दिसतात. ते दशांशात आहेत असं समजून टाइप करू नका, चिन्हांसकट जसेच्या तसे पाठवा.

ज्यांना ही माहिती मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर नको आहे त्यांच्यासाठी ओनट्रॅक्स आणि ट्रॅकार ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. ट्रॅकारचा सर्व्हर (नोंदी साठवणारा भाग) स्वतःच्या संगणकावर बसवायचा, फोनवर ट्रॅकार क्लायंट (जागा पाठवणारं ॲप) टाकायचं, त्यात सर्व्हरचा पत्ता आणि ५०५५ हा पोर्ट (संगणकावरच्या दाराचा क्रमांक) द्यायचा, आणि फोनचा ओळखक्रमांक सर्व्हरवर नोंदवायचा. नकाशा ब्राउझरमध्ये ८०८२ पोर्टवर उघडतो. याचा मोठा फायदा म्हणजे रेंज नसताना क्लायंट नोंदी साठवून ठेवतो आणि रेंज आल्यावर पाठवतो, म्हणून मधली वाटही दिसते. पण सर्व्हर सांभाळायची सवय नसेल तर यात पडू नका. अपडेट न केलेला, घरच्यांच्या हालचाली साठवणारा, इंटरनेटला उघडा सर्व्हर ही स्वतःहून ओढवलेली जोखीम आहे.

घडी बसल्यावर उलट दिशेनेही एकदा तपासलं: आपण कुणाकुणाला दिसतो आहोत? मॅप्समधल्या लोकेशन शेअरिंगच्या पानावर सगळी नावं असतात. कधीकाळी सहलीसाठी जोडलेले सहप्रवासी तिथे अजून दिसू शकतात, त्यांना काढा. गूगल टाइमलाइन ही वेगळी गोष्ट आहे, ती आपल्या जुन्या प्रवासांची स्वतःपुरती नोंद असते. २०२४ पासून ती फोनवरच साठवायला सुरुवात झाली. टाइमलाइन बंद केली म्हणजे शेअरिंग बंद झालं असं अनेकांना वाटतं, तसं होत नाही. दोन्ही वेगवेगळी बंद करावी लागतात. आयफोनवर आयओएस १६ पासून 'सेफ्टी चेक' आहे. कोणाशी काय शेअर होतं आहे ते त्यात एका जागी दिसतं आणि धोका वाटला तर 'इमर्जन्सी रीसेट'ने सगळं एकदम तोडता येतं. अनोळखी ब्लूटूथ ट्रॅकर (वस्तू शोधायला लावतात ते छोटं उपकरण) आपल्याबरोबर फिरत असेल तर इशारा देण्याची सोय मे २०२४ पासून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आहे. तो इशारा आला तर झटकून टाकू नका, ट्रॅकरचा आवाज वाजवून तो शोधा.

आता कुणी फोन बदलला की हेच सगळं ठरलेल्या क्रमाने पुन्हा होतं: खातं, 'ऑल द टाइम', प्रिसाइज, अनरिस्ट्रिक्टेड, ऑटोस्टार्ट, 'पॉझ' बंद. मग नवा फोन खिशात घालून, पडदा बंद ठेवून वीस मिनिटं चालून यायचं आणि घरातल्या दुसऱ्याने ठिपक्याखालची वेळ बघत राहायची. ही चाचणी पार पडल्यावरच जुन्या फोनवरून खातं साइन आउट करायचं. तोवर जुना फोन बंद करून ठेवायचा, म्हणजे कपाटात पडून राहून तो घरचं लोकेशन कळवत बसणार नाही.